पंधरा सेकंद

लाल दिवा विझला की समजायचं, प्लेट ५५ अंशांवर आली. मग उंदीर हलकेच वर सोडायचा, भोवतीचं पारदर्शक नळकांडं नीट बसलंय ना पाहायचं आणि स्टॉपवॉचचं बटण दाबायचं. पहिले दोन-तीन सेकंद तो नुसता हुंगत फिरे. मग एक पाय उचले, पुन्हा टेकवे. आणि एकदम पुढचे पंजे तोंडाशी नेऊन चाटायला लागे, नाहीतर उसळी मारे. लगेच बटण. चार सेकंद, कधी साडेपाच. आकडा जर्नलात जाई, उंदीर पिंजऱ्यात. औषध टोचल्यावर तो जास्त वेळ थांबे. पण कितीही थांबला तरी १५ सेकंदांच्या वर त्याला तिथे ठेवायचं नाही, हे मी प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून देत असे आणि खाली दोन रेघा ओढत असे. त्यापुढे पंजे भाजतात.

१९८६ साली मी कोल्हापूरकडच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागलो. फार्माकॉलॉजीच्या लॅबमध्ये शिरलं की तीन वास एकदम येत: भाताच्या तुसाचा, उंदरांच्या मुताचा आणि काजळीचा. काजळी किमोग्राफच्या ड्रमची. चकचकीत कागद गुंडाळलेला तो ड्रम धुरावर काळा करायचा आणि आतड्याच्या तुकड्याचं आकुंचन त्यावर पांढऱ्या रेघेने उमटवायचं. मुलांच्या एप्रनवरचे ते काळे डाग कधी निघालेच नाहीत. उपकरणं बहुतेक अंबाल्याहून येत, लाकडी खोक्यात, पेंढ्यात बसवलेली. उंदीर येत मुंबईहून, परळच्या हाफकिनमधून. भोकं पाडलेल्या पेटीतून, रात्रीच्या गाडीने.

ते पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे 'स्विस' उंदीर. नाव स्विस, पण जगभर पसरले ते न्यूयॉर्कहून. क्लारा लिंच या संशोधिकेने १९२६ साली लोझानच्या प्रयोगशाळेतून दोन नर आणि सात माद्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आणल्या, त्यांचा हा वंशविस्तार. त्या नऊ जिवांची लेकरं सकाळी आमच्याकडे एसटी स्टँडवर उतरत, हे मला तेव्हाही फार नवलाचं वाटे.

हॉट प्लेटला सगळे एडींच्या नावाने ओळखत. मूळ कल्पना वुल्फ आणि मॅकडोनल्ड यांची, १९४४ची. पेथिडिन हे तेव्हाचं नवं वेदनाशामक कितपत गुण देतं ते त्यांना पाहायचं होतं. १९५३ मध्ये अमेरिकेत नेथन एडी आणि डोरोथी लाइमबाख यांनी ती पद्धत घोटून पक्की केली. व्यसन न लावणारं मॉर्फिन सापडावं यासाठी एडींनी आयुष्यभर धडपड केली. आमच्याकडे मॉर्फिन ठेवायचं तर परवाने आणि कुलूपबंद रजिस्टरं लागत, म्हणून पेंटाझोसिन वापरायचो.

दुसरं यंत्र शेपटीचं. डी'अमूर आणि स्मिथ यांनी १९४१ मध्ये दिव्याची प्रखर तिरीप शेपटीवर पाडून ती किती सेकंदांत हलते ते मोजलं. आमच्या यंत्रात दिव्याऐवजी तापलेली निक्रोमची तार होती. डिसेंबरातल्या सकाळच्या बॅचला आकडे हमखास लांबत. थंडीत शेपूटच गार पडलेली असते, ती तापायलाच वेळ जातो, हे पुढे वाचनात आलं. शिवाय शेपटीचा तो झटका पाठीच्या कण्यातूनच परतणारी प्रतिक्रिया असते. मेंदूशी संबंध तोडला तरी शेपूट हलते. म्हणजे त्या सेकंदांत दुखणं किती आणि नुसती तार हलल्यासारखी हालचाल किती, हे यंत्र सांगूच शकत नव्हतं. आम्ही मात्र सरळ लिहायचो, 'वेदनेचा प्रतिसाद'.

अॅनिमल हाउस मामांचं होतं. कागदोपत्री ते अटेंडंट, पण परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षकही त्यांना मामाच म्हणत. प्रॅक्टिकल अकराला असलं की मामा दहालाच पिंजरे लॅबमध्ये आणून ठेवत आणि शेजारी स्टूल टाकून बसत. तूस निवडत, पाण्याच्या बाटल्यांच्या नळ्या पुसत, कुणाशी बोलत नसत. मुलं आली की उठायचे. मला वाटायचं, माणूस कामसू आहे, लवकर येतो. एखाद्या दिवशी ते दारात आडवे येत. "सर, आज ह्यास्नी घिऊ नगा. भ्याल्यात ती." पेटी आदल्या दिवशीच आलेली असायची. मी कधी ऐकायचो, कधी वेळापत्रक पुढे करायचो.

उंदीर धरायचा कसा हे पुस्तकात असतं. शेपटीला धरून जाळीच्या झाकणावर ठेवायचा, तो पुढच्या पायांनी तारा घट्ट पकडतो, मग मानेमागची सैल कातडी अंगठा आणि तर्जनीत घ्यायची, शेपूट करंगळीखाली. मी तसंच शिकवलं. मामा मात्र शेपटीला हात लावत नसत. दोन्ही तळहातांची ओंजळ तुसात खुपसून थांबत. उंदीर आपण होऊन ओंजळीत आला की उचलत. वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव, काळजाचे मिनिटाला पाचशेच्या वर ठोके; ते ठोके वेगवेगळे जाणवत नाहीत, तळहातावर एक सलग थरथर लागते. ज्या मुलांनी मामांकडे पाहून धरायला शिकून घेतलं त्यांना कधी उंदीर चावल्याचं आठवत नाही.

२०१० मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी हेच मोजून दाखवलं. शेपटीने उचललेले उंदीर भित्रे होतात, ओंजळीत किंवा नळीत घालून उचललेले निवांत राहतात. तो निबंध मी वाचला तेव्हा मामांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता त्या प्रयोगाबद्दल लिहितो, ज्याचं ओझं माझ्या मनावर सगळ्यात जास्त आहे. 'रायदिंग'. मराठीत तडफडणं म्हणावं लागेल, दुसरा शब्द नाही. अॅसेटिक अॅसिडचं ०.६ टक्क्यांचं द्रावण उंदराच्या पोटात टोचायचं. पाच मिनिटांत पोट आत ओढलं जातं, अंग ताणलं जातं, मागचे पाय लांब होतात, एका कुशीवर पीळ पडतो. असा प्रत्येक पीळ मोजायचा, वीस मिनिटं. निव्वळ अॅसिड दिलेल्याचे तीस-चाळीस व्हायचे, आधी अॅस्पिरिन दिलेल्याचे निम्म्याने कमी. हॉट प्लेटवर अॅस्पिरिनचा गुण दिसतच नाही, म्हणून हा प्रयोग अभ्यासक्रमात. सहा उंदीर सहा काचेच्या भांड्यांत ओळीने ठेवलेले, प्रत्येकासमोर एक विद्यार्थी, हातात पेन्सिल. पाच-पाचच्या गाठी मारत रेघा ओढायच्या. लॅबमध्ये तेव्हा जी शांतता असे ती मला आजही नकोशी वाटते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे ना?"

माहीत होतंच. ही पद्धत १९५९ सालची. तीस-पस्तीस वर्षं दरवर्षी, गावोगावच्या कॉलेजांत, तोच आकडा पुन्हा काढला जात होता. त्याच १९५९ साली इंग्लंडमध्ये रसेल आणि बर्च यांचं पुस्तक निघालं होतं: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरायचेच तर कमी वापरा, आणि त्यांना होणारा त्रास कमी करा. पीळ मोजायची पद्धत आमच्या अभ्यासक्रमात आली. त्या पुस्तकातला विचार यायला चाळीस वर्षं लागली.

२००६ मध्ये कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात, जेफ्री मोगिल यांच्या गटाने नेमका हाच प्रयोग वेगळ्या कारणासाठी केला. तेच अॅसिड, तीच पारदर्शक भांडी. दोन उंदीर शेजारी-शेजारी. दोघंही एकाच पिंजऱ्यात राहिलेले सोबती असतील आणि दोघांनाही वेदना होत असेल, तर प्रत्येकाचे पीळ वाढतात. अनोळखी असतील तर वाढत नाहीत. मध्ये अपारदर्शक पडदा लावून दिसेनासं केलं की तो वाढावा नाहीसा होतो. म्हणजे सोबत्याला तळमळताना पाहूनच उंदराचं स्वतःचं दुखणं वाढतं.

आमची सहा भांडी मला लगेच डोळ्यांसमोर आली. ओळीने लावलेली, स्वच्छ पुसलेली, मध्ये काही आडपडदा नाही. सहाही उंदीर एकाच पिंजऱ्यातले, डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर पिक्रिक अॅसिडचे पिवळे ठिपके देऊन वेगळे ओळखू येतील असे केलेले. मी मुलांना सांगायचो, प्रत्येक उंदीर हा स्वतंत्र आकडा धरा. ते स्वतंत्र नव्हते. ते एकमेकांकडे पाहत होते. वाचून झाल्यावर मी बराच वेळ काही केलं नाही, मग उठून अंगणात येरझाऱ्या घातल्या.

हॉट प्लेटच्या बाबतीतही एक जुनी गोष्ट आहे. बुधवारी मुलांची बॅच, शुक्रवारी मुलींची. तेच उंदीर, तीच प्लेट, आणि मुलींचे आकडे बहुतेक वेळा अर्ध्या-एका सेकंदाने कमी. मी म्हणे, बटण घाईने दाबता. एका मुलीला मी पूर्ण पान पुन्हा करायला लावलं. तिने केलं, आकडे पुन्हा तेच. तिने जर्नल माझ्यापुढे ठेवलं, काही बोलली नाही, आणि मी लाल पेनाने 'स्टॉपवॉचची चूक' असा शेरा मारला.

२००२ मध्ये मोगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या कित्येक वर्षांच्या नोंदी चाळल्या. ४९ अंशांच्या पाण्यात शेपूट बुडवल्यावर उंदीर ती किती वेळात काढतो, अशा आठ हजारांहून जास्त नोंदी. उंदराचा वंश, ऋतू, हवेतला दमटपणा, दिवसाची वेळ, पिंजऱ्यातून आधी कोणता बाहेर काढला, सगळ्याचा परिणाम दिसला. सगळ्यात मोठा परिणाम मात्र प्रयोग कोण करतंय याचा होता, उंदराच्या जनुकांपेक्षाही मोठा. २०१४ मध्ये त्याच गटाने आणखी पुढची गोष्ट सांगितली: पुरुषाचा वास आला की उंदीर तणावात जातो आणि त्या तणावानेच त्याची वेदना दबते. पुरुषाने रात्रभर घातलेला टी-शर्ट शेजारी ठेवला तरी पुरे. स्त्रियांच्या वासाने तसं होत नाही. आणि पुरुष तिथेच स्वस्थ बसून राहिला तर अर्ध्या-पाऊण तासात हा परिणाम ओसरतो.

मामांचं स्टूल मला तेव्हा उमगलं. त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही, नाहीतर पत्र लिहिलं असतं. तो लाल शेरा मला परत घ्यायचा आहे.

हे सगळं मोजायचंच कशाला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एकच उत्तर आहे. माझी धाकटी बहीण. तिला आतड्याचा कर्करोग झाला, ऑक्झॅलिप्लॅटिन सुरू झालं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सायकलनंतर तिला फ्रिजमधली बाटली हातात धरवेना. बोटांत वीज गेल्यासारखं होई. पुढे तळपायांना चादर टेकलेलीही सोसेना. जखम नाही, सूज नाही, आणि तरी दुखणं आहे. आमच्या प्लेटने आणि तारेने या दुखण्याला कधी हातच लावला नव्हता. तिथे मोजलं जाई ते चटका बसला की पाय उचलणं. तिचं दुखणं रात्री तीनला जागं करणारं होतं. केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून तिला अॅप्रेपिटंट देत. त्या औषधाच्या जातीची कथा मला माहीत होती. सबस्टन्स पी नावाचा वेदनेचा निरोप्या अडवायचा म्हणून ती औषधं शोधली गेली. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत वेदना कमी करताना दिसली आणि माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा वेदनेवर चालली नाहीत. उलटीवर मात्र उत्तम चालली. प्राण्यात मोजलेली वेदना आणि माणसाची वेदना यांच्यामधलं ते अंतर बहिणीच्या उशाशी गोळीच्या रूपात ठेवलेलं होतं.

तरी जुनी प्लेट अगदीच टाकाऊ ठरली नाही, हेही सांगायला हवं. ठेचा खाल्ल्यावर जीभ 'भाजली' असं आपल्याकडे लहान पोरही म्हणतं, ते शब्दशः खरं निघालं. १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाला मिरचीतल्या कॅप्सेसिनला जागणारा ग्राही सापडला. तोच ग्राही साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेलाही जागतो. तो ग्राही नसलेले उंदीर त्यांनी हॉट प्लेटवर सोडले तेव्हा ते जास्त वेळ थांबले. २०२१चं नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर मिळालं त्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करत बसलो होतो. पहिल्या दोन सेकंदांत त्या पंजात काय होतं, ते आम्हाला तेव्हा सांगता येत नव्हतं. आता येतं.

गेल्या वर्षी कॉलेजात गेलो होतो. ज्या टेबलावर सहा भांडी असत तिथे आता संगणक आहेत. १९९८च्या नियमांनंतर प्राणिप्रयोगांवर केंद्रीय समितीची देखरेख आली, प्रत्येक संस्थेत नीतिसमिती आली, आणि पुढे पदवीच्या प्रॅक्टिकलमधून उंदीर गेलेच. मुलं पडद्यावर शिकतात. पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये डॉ. रवीन्द्रन यांनी तयार केलेलं 'एक्सफार्म' अनेक ठिकाणी वापरतात. पडद्यावर प्लेट, पडद्यावर उंदीर, क्लिक केलं की डोस, क्लिक केलं की सेकंद. कुणी तडफडत नाही. मला मनापासून बरं वाटलं. आणि त्याच वेळी त्या मुलांच्या हातांकडे लक्ष गेलं. वीस वर्षांच्या मुलांचे स्वच्छ, सराईत हात, ज्यांना ती सलग थरथर कधी लागलेली नाही. औषधाचा डोस म्हणजे कुणाच्या तरी अंगात जाणारी गोष्ट, हे मला त्या थरथरीने शिकवलं होतं. ते आता कोण शिकवणार, हे मी तिथल्या तरुण प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी मला जिना चढून वर नेलं.

वर एम.फार्म.ची एक विद्यार्थिनी काम करत होती. केमोने बधिर होऊन दुखणाऱ्या नसांवर तिचा विषय आहे. फॉर्म बी भरून, एकेका उंदराचं कारण लिहून देऊन मिळालेली परवानगी तिने भिंतीवर चिकटवली होती. टेबलावर तारेच्या जाळीचा मंच, आणि पेटीत ओळीने नायलॉनचे केस. माक्स फॉन फ्राय यांनी १८९०च्या दशकात जर्मनीत घोड्याचे केस वापरून माणसाच्या त्वचेवर जे केलं, तेच हे. प्रत्येक केस ठरावीक जोराला वाकतो, ०.०२ ग्रॅमपासून साधारण २ ग्रॅमपर्यंत. जाळीखालून पंजाला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा. उंदराने पाय झटकला तर पुढचा केस त्याहून नाजूक, नाही झटकला तर त्याहून जाड. निरोगी उंदीर ज्या स्पर्शाकडे लक्ष देत नाही त्यालाच आजारी उंदीर पाय काढून घेतो. मला चादर आठवली.

मंचासमोर कॅमेरा होता. मोगिल यांच्या गटाने २०१० मध्ये उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना वाचायची रीत बसवली: डोळे किती मिटले, नाक आणि गाल किती फुगले, कान कुठे वळले, मिशा कशा ठेवल्या, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. तिने मला दोन फोटो दाखवले. एकात डोळा काळ्या मण्यासारखा गोल, दुसऱ्यात नुसती चीर. इतकी वर्षं आम्ही पंजाकडे आणि शेपटीकडे टक लावून होतो. चेहऱ्याकडे पाहायचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी जाळीजवळ जायला लागलो तशी ती अदबीने म्हणाली, "सर, तुम्ही नवीन आहात ना त्यांना. पाऊण तास इथे शांत बसाल का? मग मी सुरू करते."

तिने कोपऱ्यात स्टूल ठेवलं. मी बसलो. पिंजऱ्यातून उंदीर काढताना तिने शेपटीला हात लावला नाही. पुठ्ठ्याची नळी पुढे धरली, तो आत शिरला, नळी तशीच उचलून जाळीवर आडवी केली. चार उंदीर, चार कप्पे, मध्ये अपारदर्शक पट्ट्या. सुरुवातीला ते कोपरे धरून होते, कान मागे. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करून गेलं. अर्ध्या तासाने एकाने जाळीवर दोन पावलं टाकली. मग दुसऱ्याने. कडेच्या कप्प्यातला मागच्या पायांवर बसला आणि दोन्ही पंजांनी तोंड धुवायला लागला, मिशांपासून कानांमागपर्यंत, सावकाश. तिने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पेटीतला पहिला केस उचलला.